म्हाताऱ्यांची सावड

आये, तुला पहिल्यांदा हे सांगून टाकतो की आबा अजून आहेत. तू गेलीस तेव्हा तुझ्या मातीला आलेली माणसं त्यांच्याकडं बघून एकमेकांना खुणा करत होती, की सून गेली, आता सासरा काही वर्ष काढत नाही. त्या खुणा करणाऱ्यांतले निम्मे आता नाहीत. आबा आहेत. बाजेवर बसून त्या निम्म्यांची एकेकाची नावं घेतात आणि म्हणतात, "त्याला म्या सांगितलं व्हतं, एवढी तंबाखू खाऊ नगं." तुला जाऊन दहा वर्षं होत आली आणि मी हे आत्ता सांगतोय, याचं तू काही मनावर घेणार नाहीस. माझं सगळंच उशिरा असतं, हे तूच म्हणायचीस.

मी लांब आहे. कच्छात कांडला म्हणून नवं बंदर बांधतायत, तिथं खाडीच्या चिखलात खांब ठोकायचं काम चाललंय, त्या टोळीत मी दोर ओढतो. इथं मीठ आणि वारा सोडून दुसरं काही पिकत नाही. आज सुट्टी आहे, टळटळीत दुपार आहे, पत्र्याच्या खोलीत बसलोय आणि कागद उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर नटबोल्ट ठेवलेत. चौथीत गुरुजींनी माझ्यापुढं हात टेकले होते, ते आज इथं असते तर त्यांना आकडी आली असती, कारण आमच्या टोळीतल्या सगळ्या मराठी गड्यांची पत्रं मीच लिहितो. ते नुसतं सांगतात, "लिही, बरं हाय म्हनावं," की मी दोन पानं भरतो. त्यांच्या बायका म्हणे पत्रं जपून ठेवतात. पण स्वतःचं एक पत्र चार दिवस झाले जमेना. ते वहिनीला लिहायचंय. वहिनी म्हणजे तुझी थोरली सून, जिला तू पाहिलं नाहीस.

थोरल्याचं पत्र आलंय. तो आता पिंपरीला औषधाच्या नव्या कारखान्यात लागलाय, महाळुंग्याच्या घरून सायकलनं जातो, शिफ्ट करून येतो आणि पायातले जोडे न काढता झोपतो. त्यानं लिहिलंय, "तुझ्या वहिनीचं काही ठीक दिसत नाही. भांडत नाही, रडत नाही, बोलतच नाही. परवा तव्यावर भाकरी टाकली आणि तिच्याकडं बघत बसली. भाकरी जळून कोळसा झाली, घरभर धूर झाला, आबांनी आरडाओरडा केला, तरी ही तशीच. मी कामावरून आलो तेव्हा तिथंच बसलेली होती. वैद्य म्हणतो ताप नाही, नाडी बरी आहे. चुलत्यालाही आता बाजेवरून उठवत नाही. चुलतीनं निरोप धाडलाय की आईच्या वेळेसारखी आपण सावड करू, म्हणजे दोघींना सुटका. पण ही मान हलवते, नाही म्हणून. कारण सांगत नाही. तुझं ती ऐकेल असं वाटतं. काहीतरी लिही."

माझं ती ऐकेल, असं थोरल्याला वाटतं. ते वाचून मी पहिल्यांदा हसलो, मग जेवलो नाही. वहिनीला काय लिहावं हे सुचेना, म्हणून म्हटलं आधी तुला लिहून बघावं. कारण हे सगळं तुझंच काढलेलं आहे.

मला आठवतं तेव्हापासून आबा बाजेवरच. दोन्ही पाय गेलेले, पण पायांतलं सगळं बळ घशात चढलेलं. आमचा बाप गेला तेव्हा मी एवढासा होतो, थोरला जरा मोठा. सगळ्यांना वाटलं तू आता भावाकडं जाशील. तू राहिलीस, आणि तुझ्या वाट्याला आम्ही दोघं, एक बैल, दोन तुकडे रान आणि आबा. आबा सकाळपासून हाक मारायचे, "सुनंबाई!" तू शेण टाकून यायचीस. "काय वं मामंजी?" "काई न्हाई. हायस का बघितलं." तू परत जायचीस. "सुनंबाई!" पाणी पाहिजे. पाणी दिलं की कोमट आहे. थंड दिलं की दातात कळ गेली. दात होतेच दोन, पण कळ सगळ्यात जायची. भाकरी मऊ केली तर म्हणायचे, ही काय भाकरी, गोधडी हाय. कडक केली तर, कौल हाय. आणि तू तोंडातून एक अक्षर काढायची नाहीस. मला तुझं फार नवल वाटायचं. हे नवल मला इंद्रायणीवर धुणं धुवायला तुझ्याबरोबर आलो त्या दिवसापर्यंत वाटत होतं.

त्या दिवशी तू आमचे कपडे हलक्या हातानं धुतलेस आणि मग आबांचं धोतर काढलंस. पदर खोचलास, इकडंतिकडं बघितलंस आणि धोतर दगडावर आपटलंस. "गोधडी हाय काय! कौल हाय काय! कोमट हाय काय!" एका दणक्याला एक. पलीकडच्या दगडावरची बाई थांबून ऐकत होती, तिला हे पाठ असावं, कारण मध्येच तू दम घ्यायला थांबलीस तर ती म्हणाली, "अगं, आन् दाताचं ऱ्हायलं की!" तर तू दाताचा एक दणका दिलास. घरी परत येताना तू गाणं गुणगुणत होतीस. आबांचं धोतर सहा महिन्यांत विरायचं. ते म्हणायचे, कंट्रोलचं कापड, काही राम राहिला नाही. तू म्हणायचीस, "व्हय वं मामंजी, कापडात आता दम न्हाई." आणि भाकरी वाढायचीस.

माझा तुला एक वेगळाच उपयोग होता. मला नकला करता यायच्या. एकदा पारावर चार पोरांत मी आबांची नक्कल केली, दोन दात पुढं काढून "सुनंबाऽई" केलं, आणि सगळी पोरं लोळायला लागली. तू मागं उभी होतीस. कान धरून घरी आणलंस, गोठ्यात नेलंस, दार लोटलंस आणि म्हणालीस, "त्यांच्या वयाच्या मानसाची गावात चेष्टा करतूस व्हय रे? लाज न्हाई?" मी मान खाली घातली. मग तू बाहेरचा कानोसा घेतलास आणि बारीक आवाजात म्हणालीस, "कर बघू. कशी केलीस? माझ्यापुढं कर." मी केली. तू तोंडात पदर कोंबून गव्हाणीवर बसलीस. त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी, तुझा चेहरा उतरलेला दिसला की, तू मला गोठ्यात बोलवायचीस. बाहेर केली तर चामडी लोळवीन, अशी आधी ताकीद, आणि मग, "हां, चालू दे." मी शाळेत नापास झालो, पण गोठ्यात कधी झालो नाही.

पण धोतर आणि नक्कल यांनी सुद्धा दिवस काही मोकळा होत नव्हता. रानात खुरपायला गेलीस तरी अर्धं मन बाजेपाशी. आणि मग ते बैलाचं झालं. आपल्याकडं एक बैल, शेजारच्या मावशीकडं एक बैल. एका बैलावर नांगर चालत नाही, म्हणून दोन्ही घरांची सावड होती, सगळ्या गावात असते तशी. एक दिवस दोन्ही बैल आपल्या रानात, एक दिवस त्यांच्या. मावशीच्या घरी बैलासारखीच आणखी एक गोष्ट होती, तिची सासू. ती म्हातारी दारात बसायची आणि जाणाऱ्यायेणाऱ्याला सांगायची, "काल धरनं पोटात कण न्हाई गं बाई." हनुवटीला भाकरीचा तुकडा चिकटलेला असायचा. मावशी शरमेनं अर्धी झाली होती. त्या दिवशी तुम्ही दोघी बांधावर उभ्या होता, समोर दोन्ही बैल एका जुवात चाललेले, आणि तू म्हणालीस, "बैलांची सावड व्हती, मंग म्हाताऱ्यांची का न्हाई?"

मावशी म्हणाली, "जुवाला कसं जुपायचं गं?"

"जुपायचं न्हाई. एक दीस दोगं माझ्या पडवीत, एक दीस तुझ्या. ज्या दिवशी जिची बारी, तिनं घरात ऱ्हायाचं. दुसरीनं त्या दिशी मोकळं फिरायचं."

पुढच्या आठवड्यात शिंप्याच्या सुनेनं विचारलं, आम्हाला घेता का. शिंप्याकडं बैल नव्हता, पण म्हातारा होता. चांगला चालता-फिरता म्हातारा, तीच तर अडचण. गळ्यात मापाची पट्टी घालून तो रोज सकाळी चाकणच्या बाजाराला निघायचा. बाजार शनिवारी असतो, पण त्याच्या लेखी रोज शनिवार. सून चुलीवरचं सोडून त्याच्या मागं धावायची. असा तीन घरांचा मेळ बसला. आणि तुम्ही कायदे केले, ते मला अजून पाठ आहेत. ज्याचा म्हातारा त्यानं भाकरी बांधून द्यायची, कुणाचा कुणावर उपकार नको. दुसऱ्याच्या म्हाताऱ्याला उलट बोलायचं नाही, आपल्याला काय बोलायचं ते नदीवर बोलावं. आणि म्हातारं दुसऱ्याच्या घरी आपल्या सुनेबद्दल काय बोललं ते सुनेला सांगायचं नाही. हा तिसरा कायदा पहिल्याच संध्याकाळी मोडला.

पहिल्या मोकळ्या दिवशी तू काय केलंस आठवतं? मी तुला विचारलं होतं, आता कुठं जाणार, चाकणला? तू गोठ्यात कडब्यावर पडलीस आणि दुपारपर्यंत झोपलीस. बैल तुझ्या पायाशी उभा. मग दचकून उठलीस आणि तशीच मावशीच्या घरी धावलीस, आबांचं काय झालं म्हणून. आबा पडवीत भिंतीला टेकून बसलेले. तुला बघून म्हणाले, "कशाला आलीस? जा. आमचं चाललंय." त्यांचं काय चाललं होतं, तर शिंपीआजोबा त्यांचं माप घेत होते. बंडीचं. आबा म्हणत होते दोन खिसे पाहिजेत. शिंपीआजोबा म्हणत होते, "बंडीला एकच खिसा असतो, पाटील." आबा म्हणत होते, "का? मला हात दोन हायत." यावर सबंध सकाळ गेली. दुसऱ्या दिवशी शिंपीआजोबा सगळं विसरले आणि नव्यानं माप घ्यायला बसले. ही बंडी दोन वर्षं मापातच होती. मधे कापड नव्हतं, सुई नव्हती, तरी आबा आमच्यावर डाफरायचे की बारीला उशीर नको, शिंपी खोळंबलाय. आणि चाकणचा बाजार शिंपीआजोबांच्या डोक्यातून दिवसभर तरी जायचा. मावशीची सासू मधे बसून दोघांच्या फडक्यातली भाकरी खायची आणि म्हणायची, काल धरनं कण न्हाई.

आबा मावशीच्या घरी जेवून आले की सांगायचे, "भाकरी त्या घरची. काय मऊ, काय खरपूस. सुनंबाई, जरा शिकून ये." ती भाकरी तुझ्याच हातची, सकाळी तूच बांधून दिलेली. तू म्हणायचीस, "व्हय वं मामंजी, विचारते तिला." आणि दुसऱ्या दिवशी धोतराला दोन दणके जास्त.

खरी गंमत संध्याकाळची असायची, म्हातारी ज्याची त्याला परत द्यायच्या वेळी. तुम्ही तिघी उंबऱ्यात उभ्या राहून अर्धा तास कुजबुजायच्या. कुणाच्या म्हाताऱ्यानं काय काढलं, कोण काय बोललं. तुम्हा तिघींना तेवढा अर्धा तास दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पुरायचा. एकदा तू मावशीला सांगितलंस, "तुझी सासू आज म्हनली, सून माझी सोन्याची हाय." मावशी बघतच राहिली. तिला ते घरी जन्मात ऐकायला मिळालं नसतं. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "लबाड बोलतीस." तू म्हणालीस, "बैलाची आन." मग तिनंही सांगितलं, की आबा तिच्या पडवीत म्हणाले, "पोरगी माझ्या लेकामागं भावाकडं गेली असती तर कोन अडवनार व्हतं? पर ऱ्हायली." दुसऱ्या दिवशी नदीवर मी होतो. आबांचं धोतर तू नुसतं पिळून वाळत टाकलंस. पलीकडची बाई विचारत होती, "आज बरं वाटंना व्हय गं?"

गाव बोललंच. आमचा चुलता, आबांचा धाकटा लेक, वेगळा निघाल्यापासून आबांना सणाला सुद्धा बघायला यायचा नाही, तो एक दिवस दारात येऊन उभा राहिला. "माझ्या बापाला बैल समजलीस काय? आज ह्याच्या दारात, उद्या त्याच्या? इज्जत न्हाई का आमाला?" तू शांतपणे घोंगडीची घडी केलीस. म्हणालीस, "खरं हाय तुमचं, भावजी. मंग आठ दीस तुमी न्या." चार माणसांत बोललेलं, त्याला नाही म्हणता येईना. आबांची बाज उचलून गाडीत घातली. पहिल्या दिवशी चुलती ठीक होती. दुसऱ्या दिवशी आबांनी तिची भाकरी गावाला ओरडून सांगितली, गोधडी हाय म्हणून. तिसऱ्या दिवशी चुलतीला माहेरी आईची आठवण आली. त्या दुपारी गाडी परत दारात, बाजेवर आबा, पुढं चुलता. खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, तुमचंच बरं हाय." आणि आबा बाजेवरून विचारतायत, "शिंपी आला व्हता का गं? दोन खिशांचं काय ठरलं?"

आणि ते माझं. ते आठवलं की मी अजून दोर ओढता ओढता हसतो आणि टोळीचा मिस्त्री विचारतो, क्या हुआ बे. मी पंधरा वर्षांचा होतो, अंगानं बैल, त्यामुळं आबांना पाठीवर नेणं-आणणं माझ्याकडं. थंडीचे दिवस, बारी शिंप्याच्या घरी, दिवस मावळत आलेला. पडवीत अंधार, दोन म्हातारे डोक्यापासून घोंगडीत गुंडाळून झोपलेले. मी एक उचलला, पाठीवर टाकला आणि निघालो. वाटेत आबा एक शब्द बोलले नाहीत, माझ्या चालण्याला नाव ठेवलं नाही, हे बघून मला वाटलं, आज खुशीत आहेत. तिथंच ओळखायला पाहिजे होतं. घरी आणून बाजेवर ठेवलं, तू भाकरी कुस्करून पुढं ठेवलीस, आणि घोंगडी बाजूला करून शिंपीआजोबा म्हणाले, "आला का बाजार?"

ते चांगले चालू शकत होते, आये. पण कुणी उचलून नेत असेल तर नाही कशाला म्हणा, असा त्यांचा विचार असावा. तू पहिल्यांदा माझ्याकडं बघितलंस, मग त्यांच्याकडं, आणि मग जी हसायला लागलीस ती चुलीपुढं बसकणच मारलीस. पदर तोंडात कोंबायचं विसरलीस. सगळ्या आळीनं तुझं हसणं ऐकलं असेल. मी ते तेव्हाच पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. शिंपीआजोबांनी तेवढ्यात आबांची भाकरी संपवली आणि म्हणाले, "अशी भाकरी आमच्या घरी न्हाई बाई." त्यांना परत पोचवून खऱ्या आबांना आणलं, तर ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी विचारलं, "खरं सांग, शिंपी जड का मी?"

तुझा ताप चार दिवसांचा झाला. त्याच्याबद्दल मला लिहायला येत नाही. एवढंच सांगतो, की तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही घरी येऊन बसलो होतो, काय करावं कळत नव्हतं, तर मावशी दारात आली. रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "आज आमची बारी हाय," आणि आबांना घेऊन गेली. सुतकात कोण नेतं कुणाला, पण नेलं. नंतर चुलती तुझं सामान आवरत होती, तिनं आबांचं एक फाटकं धोतर बाहेर टाकायला काढलं. आबा बाजेवरून ओरडले, "ऱ्हाऊ दे ते! तिच्या हातचं फाटलंय." चुलतीनं ते परत ठेवलं. "माझा उद्धार करीत आपटायची नदीवर. मला काय ठावं न्हाई व्हय? पलीकडच्या दगडावरची घरी येऊन सांगून जायची." आणि म्हणाले, "बोलत व्हती म्हनून टिकली एवढी तरी."

दोन वर्षांनी वहिनी आली, पुनावळ्याची. हाताला चांगली, चालीला चांगली, पण तोंड बंद. आबांनी तिच्या पहिल्याच भाकरीला नाव ठेवलं, तर तिनं दुसरी करून आणली. तिला नाव ठेवलं, तिसरी आणली. मला ते बघून धडकी भरली. मावशी तिला सावडीचं सांगायला आली, तोवर शिंपीआजोबा वारले होते, मावशीची सासू होती. वहिनी म्हणाली, "आमच्यात अशी रीत न्हाई, मावशी. घरचं मानूस घरात." मी तिला नदीवरचं सांगितलं, ती म्हणाली, "भाऊजी, काहीतरीच!" गोठ्यात नेऊन नक्कल करून दाखवली, तर ती घाबरून बाहेर बघायला लागली, की आबांना ऐकू जाईल. शेवटी मी म्हटलं, बाहेरची सावड नको तर घरातलीच कर. एक दिवस आबांचं तू बघ, एक दिवस मी. तिला ते पटलं. तेव्हा मी रिकामाच होतो, कुठं टिकतच नव्हतो, देहूरोडला चार महिने, चिंचवडला दोन. सहा-सात महिने चांगलं चाललं. माझ्या बारीच्या दिवशी वहिनी दुपारी मावशीच्या दारात जाऊन बसायला लागली. एकदा मला तिच्या हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, आये, की आता जमलं.

आता मी वहिनीला काय लिहू? लिहायला बसतो आणि सगळं येतं. धोतर येतं, बंडीचं माप येतं. चुलतीचं मनावर घे, दोघी मिळून करा, लोक चार दिवस बोलतील आणि स्वतःचा म्हातारा घेऊन दारात येतील, हे सगळं येतं. सुरेख उतरतं. टोळीतल्या गड्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, भावा, हे माझ्या बायकोला पन पाठव. आणि मग मी ते फाडतो. कारण तिनं मान का हलवली, हे थोरल्याला माहीत नाही, मला माहीत आहे.

एवढं लिहून झाल्यावर मघाशी उठलो, मिस्त्रीच्या खोलीवर गेलो आणि रजा मागितली. तो दाढी करत होता. म्हणाला, "कौन मर गया?"

"कोई नहीं."

"बीमार है कोई?"

"नहीं. अस्सी के ऊपर का बूढ़ा है, एकदम तंदुरुस्त."

"तो फिर?"

"मेरी बारी है."

वस्तरा गालावर तसाच धरून तो माझ्याकडं बघत राहिला. "काहे की बारी?" मी सांगायला लागलो, तर त्यानं हात केला. "जा. लेकिन सुन ले, लौटेगा तो जगह नहीं रखूँगा." मी बरं म्हटलं. उद्याच्या गाडीनं निघतो. वहिनीला पत्र टाकत नाही, पत्राच्या आधी मीच पोचेन, आणि पोचलो की काय बोलायचं ते तिथं बघू. चुलत्याच्या बाजेची जागा मात्र मनात केलेली आहे, आबांच्या शेजारी. बापलेकांत काय व्हायचं ते होवो. हे पत्र सुद्धा ट्रंकेतच राहील, तुला पाठवायला कुठला पत्ता लिहिणार.

आणि एक. मी घर सोडलं ते बंदरात नोकरी लागली म्हणून, असं गावात सगळे समजतात. तसं नव्हतं. नोकरी नंतर लागली, दोन महिने भटकल्यावर. त्या दिवशी बारी माझी होती. वहिनी लग्नानंतर पहिल्यांदाच दोन दिवस पुनावळ्याला जायची होती, तिच्या आईला बरं नव्हतं. नवं लुगडं नेसून, गाठोडं बांधून पडवीत बसली होती, तिकडून तिचा भाऊ गाडी घेऊन निघालेला. आबांनी तेवढ्यात पाचव्यांदा पाणी मागितलं, कोमट म्हणून सांडलं, आणि मला हाक मारली. मी तांब्या खाली ठेवला. वहिनीला म्हटलं, "बैलाला पाणी दाखवून येतो," आणि चिंचवड स्टेशनपर्यंत चालत गेलो. ती गेली नसणार. गाडी रिकामी परत धाडली असेल, लुगडं बदललं असेल आणि आबांना पाणी दिलं असेल. थोरल्याच्या एकाही पत्रात याचं अक्षर नाही, म्हणजे तिनं त्यालाही सांगितलेलं नाही. तुलाही मी एवढी पानं भरेपर्यंत सांगितलं नव्हतं.